राणीची पाठ

आमच्या गावच्या नाटकात राणीचा चेहरा प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. पहिल्या अंकापासून तिच्या चेहऱ्यावर पदर असतो, आणि शेवटी राजा तो पदर बाजूला करतो तेव्हा तिची पाठ आपल्याकडे असते. दिसतो तो फक्त राजाचा चेहरा. गेल्या जत्रेला कॉलेजात शिकणारी दोन मुलं मास्तरांच्या पडवीत बसून याचा अर्थ लावत होती. एकाचं म्हणणं, राणी म्हणजे भूमी, म्हणून तिला चेहरा नाही. दुसऱ्याला त्यात जुन्या काळच्या बाईचं दुःख दिसत होतं. मास्तरांनीच ते नाटक लिहिलेलं, पण ते नुसते हसत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होते. राणीचा चेहरा झाकला गेला तो माझ्या मिशीमुळे, हे त्या मुलांना कोणत्या तोंडानं सांगणार?

राणी मी होतो. पहिल्या वर्षापासून पुढे बरीच वर्षं मीच होतो. या नाटकाची हकिगत सांगायची तर मला माझ्या वडिलांविषयी सांगावं लागेल. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण मी त्यांना न विचारता रंगमंचावर नेऊन ठेवला, आणि त्याबद्दल ते मला कधी माफ करतील का, या काळजीत माझी कितीतरी वर्षं गेली.

वडील तांडेल, म्हणजे गलबताचे म्होरके होते. गलबतावर कौलं, मीठ, सुपारी असा माल भरून दक्षिणेकडून मालवणला आणि मालवणहून मुंबईकडे न्यायचा, हे त्यांचं काम. नारळी पौर्णिमेनंतर ते दर्यावर जात ते अधूनमधून घरी टेकत आणि पावसाच्या तोंडावर पावसाळाभरासाठी परत येत. मी बंदराजवळच्या नारळ-सुपारीच्या एका वखारीत कारकुनी करत होतो. वय विशीच्या थोडं पुढे. मिशी नुकतीच नीट भरली होती आणि तिचा मला अभिमान होता.

त्या काळी, म्हणजे गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हा, मास्तरांनी मार्गशीर्षातल्या जत्रेसाठी नाटक लिहिलं. एका जलदुर्गाची राणी, राजा लढाईवर गेलेला, किल्ला ती एकटी राखते, शेवटी राजा परत येतो. अशी राणी इतिहासात कुठे नव्हती. मास्तरांनी ती मनानंच घडवली. राणीचं काम करणारा मुलगा ऐन तालमीत नोकरी लागून बोटीनं मुंबईला गेला. मी अंगानं सडपातळ, आवाज पातळ, आणि सगळ्यांच्या आधी माझी भाषणं पाठ झालेली. मास्तरांनी मला उभं केलं. मीही मनातून वाटच बघत होतो, हे लपवत नाही.

अडचण मिशीची होती. आमच्याकडे आई किंवा बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. एरवी कोणी उतरवत नाही. म्हणून ओठ उघडा दिसला की बघणाऱ्याला सगळं कळतं, आणि त्यावर कोणी काही विचारत नाही. विचारणं हा अडाणीपणा समजतात. नाटकात बायकांची कामं मिसरूड न फुटलेली मुलं करत, ती त्याचसाठी. पण माझ्यापुढे राणी उभी होती. मी हिशेब केला: वडील इतक्यात घरी येत नाहीत, ते येईपर्यंत मिशी परत वाढेल.

जत्रेच्या सकाळी देवळाच्या विहिरीवर म्हालो आला. म्हालो म्हणजे आमचा न्हावी. लहानपणापासून माझे केस त्यानंच कापलेले. त्यानं वस्तरा काढला, दगडावर घासला आणि मग विचारलं, "बापूस खंय आसा?"

"दर्यात."

"मगे मी लावचंय नाय." त्यानं वस्तरा मिटून ठेवला. ज्याचा बाप जमिनीवर आहे त्याची गोष्ट वेगळी, तेसुद्धा मी केलं नसतं, असं तो म्हणाला. मास्तर आले, त्यांनी समजूत घातली. देवीपुढचं नाटक आहे, देवीसाठी केलेल्या गोष्टीला दोष लागत नाही, असं गावच्या मानकऱ्यांनी येऊन सांगितलं. शेवटी म्हाल्यानं माझं तोंड देवळाकडे फिरवलं, म्हणजे समुद्राकडे पाठ होईल असं, आणि काम उरकलं. आईनं संध्याकाळी मला बघितलं. नाटकाची गोष्ट तिला माहीत होती. ती आत गेली आणि तिनं देवापुढचा दिवा जरा लवकर लावला.

नाटक रंगलं. इतकं रंगलं की दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेलो तोच मुळी राणीच्या चालीनं. कानामागे रंग होता, तो मी मुद्दाम पुसला नव्हता. जो येईल तो कौतुक करत होता. दुपारी खारेपाटणचा एक व्यापारी आला. माझी आत्या खारेपाटणला दिलेली; तिच्या घराशेजारीच त्याचं दुकान. त्यानं मला बघितलं, डोक्यावरची टोपी काढली, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला. मला वाटलं, खारेपाटणपर्यंत नाटकाची कीर्ती गेली. मी मान लववून म्हटलं, "देवीची कृपा."

त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं, हात सोडला आणि सौदा न करताच तो एस.टी. पकडायला निघून गेला. मी आनंदात होतो. इतका मोठा व्यापारी माझ्या कामानं भारावून गेला, असं मी शेजारच्या कारकुनाला सांगितलंसुद्धा.

दोन-तीन दिवसांनी मी वखारीत असताना घरून बोलावणं आलं. धावत गेलो. आमच्या घराकडे वळायच्या पाणंदीतच मला रडणं ऐकू आलं. आत्या आली होती. मर्तिकाला येणाऱ्या बायका घर दिसायच्या आधीच हेल काढून रडू लागतात, तशी ती पाणंदीच्या वळणापासून रडत आली होती. आई विहिरीवर होती. तिनं नणंदेचा आवाज ओळखला आणि घागर तिथेच सोडली. तिला वाटलं, गलबताची वाईट बातमी खारेपाटणकडून आली. आत्याला वाटत होतं, बातमी आमच्याच घरातून गेली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, शेजारच्या बायका जमल्या होत्या, आणि कोणी कोणाला विचारत नव्हतं. कारण विचारायचं काय असतं?

मी दारात उभा राहिलो. आत्यानं माझा ओठ बघितला आणि तिचा आवाज आणखी चढला.

मी विचारलं, "कोणी सांगल्यान तुका?"

आत्या म्हणाली, "कोण सांगतलो? तुजी मिशी सांगता मरे!"

आई रडायची थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि मग हळूहळू तिला उलगडा झाला. तिनं आत्याला सांगितलं, हा नाटकात राणी झाला होता. आत्याला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर माझ्या तोंडावर शिरा पडो या शिवीपासून तिनं सुरुवात केली, आणि ती मला जे बोलली ते सगळं मला लागू होतं. व्यापाऱ्यानं माझ्या ओठाचं सांगितलं तेव्हा दर्यावरचा भाऊच गेला असं धरून तिच्या घरच्यांनी आंघोळी केल्या होत्या, गोडधोड बंद केलं होतं. आई मात्र विहिरीवर गेली, पडलेली घागर उचलली आणि भरायला लागली. कितीतरी वेळ ती बाई विधवा होऊन बसली होती, माझ्यामुळे. हे मी आजही विसरलेलो नाही.

गैरसमज मिटला, पण त्यानं कोणाचं समाधान झालं नाही. वडील खरोखरच दर्यावर होते आणि त्यांची खबर खरोखरच नव्हती. खोटी बातमी गेली, पण मनात घर करून बसलेली भीती गेली नाही. आत्यानं पिशवी खुंटीला लावली आणि सांगितलं, "तेका डोळ्यांनी बघल्याशिवाय मी हयसून हलूचंय नाय."

ती राहिली. रोज सकाळी ती पहिल्यांदा माझ्या ओठाकडे बघायची, शेतात बी उगवलं का बघावं तशी. मिशीचे खुंट यायला लागले होते, पण काय ते! मी वखारीत जाताना तोंडावर उपरणं धरून जायचो. आईला पाणी भरताना बायका विचारायच्या, तांडेलांची खबर काय. ती म्हणायची, येतीलच. संध्याकाळी ती अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहायची. तिथून माडांमधून दर्याचा एक पट्टा दिसायचा. पूर्वी ती अशी कधी उभी राहायची नाही.

मग एका दुपारी वखारीत कोणीतरी ओरडून सांगितलं की गलबत आलं. मी बंदरावर पळालो. गलबत बाहेर खोल पाण्यात नांगरलं होतं आणि होडी किनाऱ्याकडे येत होती. वडील पुढे उभे होते. वाटेत डोलकाठी मोडली होती; गोव्याच्या बंदरांत आपल्या गलबतांना तेव्हा शिरता येत नसे, म्हणून बाहेरच्या दर्यातून रखडत त्यांना कारवारला जावं लागलं होतं आणि तिथे दुरुस्तीत दिवस गेले होते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त वडील दिसत होते, आणि मी इतका खूश होतो की तोंडावरचं उपरणं मी हातात घेऊन हलवत होतो.

होडी वाळूला लागायच्या आधीच त्यांनी मला नीट बघितलं. ते उतरले. गुडघाभर पाण्यात उतरून दोन पावलं चालले आणि थांबले. त्यांचे हात पुढे आले होते, काहीतरी घ्यायला यावेत तसे, आणि तसेच अधांतरी राहिले. तोंड किंचित उघडं. डोळे माझ्या ओठावर. ते हळू आवाजात म्हणाले, "कधी रे?"

मला कळलं नाही. "काय कधी?"

"तुजी आवस."

ते स्वतः तर जिवंत होते. मग मुलानं मिशी कोणासाठी उतरवली असेल? त्यांच्यासाठी दुसरा काही अर्थच नव्हता. मी ओरडलो, "आये घराक आसा. खोबरा किसता!"

त्यांनी ते ऐकलं. मग त्यांचे पाय गेले. ते तिथेच, पाण्यात, खाली बसले. लाट आली आणि त्यांच्या कमरेपर्यंत भिजवून गेली तरी उठले नाहीत. त्यांचा चेहरा मी पाहत होतो. तो रडका नव्हता, हसरा नव्हता. एखाद्या घराचं दार वाऱ्यानं बंद व्हावं आणि आपोआप परत उघडावं, तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर होऊन गेलं. होडीतले खलाशी दुसरीकडे बघत होते. मी पाण्यात उतरून त्यांना हात दिला. त्यांनी तो घेतला, उठले, आणि आम्ही घराकडे चालू लागलो.

घरी आत्यानं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. वडील म्हणाले, ह्यानं एका मिशीत दोघांची आयुष्यं वाढवली. एवढंच. आईनं त्यांना जेवायला वाढलं. त्या दिवशी भातावर तिनं वाटलेल्या खोबऱ्याची सोलकढी ओतली तेव्हा वडील ताटाकडे न बघता तिच्याकडे बघत होते, एवढं मला आठवतं. मला त्यांनी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर पुष्कळ वेळा वाटलं.

पुढच्या वर्षी नाटक परत करायचं ठरलं. देवीला कौल लावला, देवीनं उजवा कौल दिला. एकदा देवीपुढे कोणी काही केलं आणि ते मानवलं की आमच्या गावात तो त्याचा मान होतो. राणीचा मान माझ्याकडे आला होता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. मी घाबरत वडिलांना सांगितलं. ते जाळ्याच्या दोरीला गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "राणी हो, नायतर राक्षस हो. पण माजी मिशी तुज्या तोंडार रवाक व्हयी."

माझी मिशी, असं ते म्हणाले. तुझी नाही.

मी मास्तरांकडे गेलो. मास्तर आठवडाभर विचारात होते. मग त्यांनी पहिल्या अंकात एक प्रवेश घातला: राजा परत येईपर्यंत कोणाला तोंड दाखवणार नाही, अशी राणी शपथ घेते आणि पदर ओढते. बस्. मिशी पदराआड गेली. आमच्या राणीची ती गाजलेली शपथ अशी जन्माला आली. लोकांना ती फार आवडली. पहिल्या वर्षी माझा उघडा, रंगवलेला चेहरा बघून जी बाई रडली नव्हती, ती आता नुसत्या पदराकडे बघून रडायला लागली. माझा अभिनय सुधारला असं सगळे म्हणत. खरं म्हणजे तोंड झाकल्यावर मला अभिनय करावाच लागत नव्हता.

फक्त शेवट फसला. राजा येतो, माळ घालतो, पडदा पडतो, पदर तसाच. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, राणी काणी होती काय रे? सगळा मांडव हसला. म्हणून त्याच्या पुढच्या वर्षी मास्तरांनी मला पाठमोरं उभं केलं. राजा पदर उचलेल, चेहरा बघेल फक्त तो.

राजाचं काम करणारे गृहस्थ आमच्या पेठेतले किराणा दुकानदार. देहानं भरभक्कम, आवाज गडगडाटी. त्यांनी पदर उचलला आणि आत पावडर लागलेली माझी मिशी बघितली. ते फुटलेच. हसू दाबायला त्यांनी तोंड ओंजळीत धरलं, खांदे गदगदा हलायला लागले, आणि प्रेक्षकांना वाटलं राजा हुंदके देतो आहे. टाळ्याच टाळ्या. पण हे दरवर्षी कसं जमणार? पुढच्या तालमींना ते पदर उचलायचे आणि एकदा हसायचे, एकदा दगडासारखे उभे राहायचे. मास्तर त्यांना परोपरीनं सांगत: राजाला बातमी मिळाली होती की किल्ला पडला, राणी गेली, तो मेल्या मनानं किल्ल्यात शिरलाय, आणि ती जिवंत आहे. असा माणूस कसा दिसेल? दुकानदार म्हणाले, "मास्तर, असो माणूस मी बघूकच नाय, तर दाखवू कसो?"

मी बघितला होता.

मी ते सांगायला नको होतं. पण तालमीच्या भरात मी सांगितलं. हात कसे पुढे येऊन राहिले, तोंड कसं किंचित उघडं, नजर कुठे, मग चेहऱ्यावर काय झालं. दुकानदारांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मी करून दाखवलं. माझ्या वडिलांचा चेहरा मी माझ्या चेहऱ्यावर घेतला आणि त्यांच्याकडे दिला. फक्त ते पाण्यात बसले हे मी सांगितलं नाही. एवढं मात्र मी ठेवून घेतलं. तेवढंच त्यांचं त्यांच्याकडे राहू दे असं मला वाटलं असावं. दुकानदारांनी करून बघितलं. मास्तरांनी वही मिटली.

त्या वर्षीपासून नाटकाचं नाव झालं. आजूबाजूच्या गावांतून, तारकर्लीपासून लोक चालत यायचे, राणीचं मुखदर्शन बघायला, असं म्हणायचे. आणि बघायचे राजाचं तोंड. मुंबईत आमच्या गावकऱ्यांनी एकदा प्रयोग लावला तेव्हा तिथेही तसंच झालं. आणि दर प्रयोगाला, पदराच्या आत उभा असलेला मी, हातभर अंतरावरून बापाचा तो चेहरा बघत होतो. माझ्याशिवाय तो इतक्या जवळून कोणी बघत नव्हतं. त्याहून योग्य शिक्षा मला कोणी देऊ शकलं नसतं.

वडील नाटकाला कधी आले नाहीत. सुरुवातीला ते जत्रेच्या दिवसांत दर्यावर असत. पुढे गोवा मोकळा झाला, इंजिनाच्या बोटी आल्या, त्यांनी गलबत सोडलं आणि ते घरीच असायचे. तरी जत्रेच्या रात्री ते लवकर जेवून पडवीत आडवे व्हायचे. गॅसबत्तीच्या उजेडात मला दिसत नाही, असं सांगायचे. मला ते कारण खरं वाटायचं नाही. बंदरावरचे खलाशी तोंडाचे फटकळ. त्यांच्यातल्या एकानं त्यांना म्हटल्याचं माझ्या कानावर आलं होतं की, तांडेल, तुमचा तोंड नाटकात आसा म्हणतत. वडील काय म्हणाले ते कळलं नाही. मीही विचारलं नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि तरी दर मार्गशीर्षात मी पदर घेताना तेच म्हणायचो: त्यांना माहीत आहे, आणि ते मला माफ करणार नाहीत.

साठच्या दशकाच्या शेवटाकडे मुंबईच्या मंडळींनी सुचवलं की राणीचं काम आता खऱ्या बाईनं करावं. राणीसाठी माझं वय झालं होतं, पोटही सुटलं होतं. मुंबईहून एक नटी आणायचं ठरलं. माझा मान काढून घ्यायचा म्हणून मानकऱ्यांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं: "आई माउली, ह्या लेकरान इतकी वर्सा तुजी राणी राखली, आता तेका मोकळो कर." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी सगळ्यांच्या मोठ्यांदा म्हटलं. दुखेल असं वाटलं होतं. उलट ओझ्याची पाटी डोक्यावरून उतरावी तसं मान हलकी झाली.

ती नटी हुशार आणि फटकळ होती. तिनं तालमीतच विचारलं, माझं तोंड दाखवायचंच नाही तर मला एवढ्या लांबून आणलं कशाला? आता तर मिशीची अडचण नव्हती. मास्तरही डगमगले. पण गावातल्या बायकांनी साफ सांगितलं की आमची राणी तोंड दाखवत नाही. शेवटी नटी पाठ फिरवून उभी राहिली.

रंगीत तालीम दुपारी देवळाच्या मांडवात होती. ती सुरू व्हायच्या बेतात पडद्याची दोरी तुटली आणि कोणीतरी आमच्या घरी गलबताचा दोर मागायला गेलं. दोर घेऊन वडील स्वतः आले. खांबावर हात ठेवून त्यांनी वर बघितलं, दोर ओवला, गाठ मारली, ओढून बघितली. मला वाटलं आता जातील. ते पायरीवर बसले. दिवसाचा उजेड होता. दिसत नाही म्हणायला जागा नव्हती. मी उठून जाऊ की काय असं मला झालं. मग मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

आयुष्यात पहिल्यांदा मी ते नाटक समोरून बघत होतो, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मी वडिलांचे हात बघत होतो. गुडघ्यावर पडलेले, दोराचे वळ उमटलेले. अंकामागून अंक संपले. राजा किल्ल्यात शिरला. राणी पाठमोरी. दुकानदारांनी दोन पावलं टाकली, थांबले, हात पुढे आले आणि अधांतरी राहिले. त्यांनी पदर उचलला. तोंड किंचित उघडं. इतक्या वर्षांत ते त्यात मुरले होते.

वडील बघत राहिले. मग जरा पुढे वाकले, आणि नेहमीच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो उभो कसो रवलो?"

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"पाय खंय रवतत तेवा?" ते म्हणाले. "मी थंयच बसलंय मरे. तू सांगूक नाय काय तेंका?"

त्यांना सगळं माहीत होतं, किती वर्षांपासून कोण जाणे. आणि त्यांची तक्रार होती ती एवढीच, की मी अर्धंच सांगितलं. ज्या गोष्टीवर मी त्यांच्यासाठी पांघरूण घालून ठेवलं होतं, तीच त्यांना हवी होती. मी म्हटलं, "तुमका वायट वाटात म्हणान."

"वायट कित्याक?" ते म्हणाले. "ती घराक होती ना."

दुकानदारांनी ते ऐकलं होतं. मांडव रिकामाच होता, आवाज सहज गेला. ते रंगमंचाच्या कडेला आले, हात जोडून म्हणाले, तांडेल, कसे बसलात ते एकदा सांगा. वडिलांनी उठून दाखवलं नाही. त्यांनी पायरीवर बसल्या बसल्या हातानं सांगितलं: गुडघे आधी जातात, मग कंबर, हात टेकत नाहीत, आणि डोळे मात्र खाली येत नाहीत. दुकानदारांनी करून बघितलं. त्यांचं वजन मोठं, फळी करकरली. नटी पदर वर करून हसायला लागली, आणि वडीलही हसले. मग त्यांनी दुकानदारांना आणखी एकदा करायला लावलं, आणि तेव्हा कोणी हसलं नाही. नटी वर केलेला पदर परत ओढायचा विसरून राजाकडेच बघत उभी राहिली. मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

रात्रीच्या प्रयोगाला राजा बसला. मी बायकांच्या बाजूला आईजवळ जाऊन उभा होतो. पदर उचलला, राजाचे पाय गेले आणि तो खाली बसला. आईनं माझा दंड धरला. तिनं ते आधी कधी बघितलं नव्हतं. बंदरावर ती नव्हतीच, नुसतं ऐकून होती. ती म्हणाली, "ते असे बसले काय रे?" मी म्हटलं, व्हय. तिनं दंड सोडला नाही.

आता राजाचं काम दुकानदारांचा मुलगा करतो, राणीला दरवर्षी नवी मुलगी असते, आणि राजाला मास्तरांच्या वहीतूनच ते बसणं शिकवलं जातं. कॉलेजातली ती दोन मुलं माझ्या घरावरून गेली तेव्हा वडील पडवीत बसले होते. त्यांना डोळ्यांनी आता खरोखरच कमी दिसतं. मुलांनी त्यांना नमस्कार केला आणि नाटकाविषयी विचारलं; शेजारून मी कोण आलंय ते सांगितलं. वडिलांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं, मग हात पुढे केला आणि माझ्या ओठावर ठेवला, मिशी आहे ना ते बघावं तसा. आहे म्हटल्यावर त्यांनी हात खाली घेतला आणि मुलांना म्हणाले, बसा, सांगतो.